इंटरनेटचे गेज रूपांतर

पूर्णा ते हिंगोली ही रेल्वे १९१२ साली सुरू झाली ती मीटरगेजवर. निजामाच्या राज्यातून जाणारी मनमाड–सिकंदराबाद ही हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे त्याआधी दहाएक वर्षे धावत होती आणि तिचे रूळही एक मीटर रुंदीचेच होते. शेजारच्या मुंबई इलाख्यातून आणि वऱ्हाडातून जाणारी जीआयपी रेल्वे मात्र १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर होती. मीटरगेज बांधायला स्वस्त पडे, आणि त्या काळच्या वाहतुकीला ते पुरतही होते. त्याची किंमत दिसे ती दोन मापे जिथे भेटत तिथे. मनमाडला एका गाडीतला माल उतरवून दुसरीत चढवावा लागे. या उलाढालीचा खर्च, उशीर आणि नासधूस माल पाठवणाऱ्याच्या माथी पडे, रुळांचे माप ठरवणाऱ्याच्या नव्हे. स्वातंत्र्यानंतर हिंगोलीहून अकोल्याकडे आणि पुढे खंडव्याकडे रूळ गेले, तेही मीटरगेजचेच, कारण मागचे-पुढचे जाळे त्याच मापाचे होते. १ एप्रिल १९९२ रोजी देशभर एकच माप करण्याचा ‘युनिगेज’ प्रकल्प सुरू झाला. पूर्णा–अकोला मार्गावर ब्रॉडगेज यायला २००८ साल उजाडले, आणि अकोटच्या पुढे मेळघाटातून जाणारा तुकडा त्यानंतरही वर्षानुवर्षे वादात अडकून राहिला. चालू असलेले जाळे बदलणे हे नवे जाळे उभारण्यापेक्षा किती अवघड असते, हे या मार्गाने शंभर वर्षांत पुरेपूर दाखवले आहे.

याच मार्गावरच्या हिंगोली जिल्ह्यात गेल्या दशकात आणखी एक जाळे बदलू लागले. त्यासाठी कुठे रूळ उखडले गेले नाहीत की गाड्या बंद झाल्या नाहीत, म्हणून त्याची बातमीही झाली नाही. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला जो क्रमांक लागतो, त्या क्रमांकांची जुनी पद्धत, म्हणजे आयपीव्ही४, मागे पडून आयपीव्ही६ ही नवी पद्धत हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांतल्या मोबाइलांत येऊन बसली. हे स्थलांतर अजून अर्ध्यावरच आहे. ते का रखडले आणि भारतात अचानक कसे उसळले, याचा इतिहास नीट पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट होते. अडचण कधीच निव्वळ तांत्रिक नव्हती. बदलाचा खर्च एकाने करायचा आणि न बदलण्याचा भुर्दंड दुसऱ्याने सोसायचा, अशी या जाळ्याची रचना आहे. म्हणून उरलेले अर्धे काम आपोआप होईल अशी वाट पाहणे म्हणजे तो भुर्दंड दुबळ्याच्या खात्यावर टाकत राहणे होय.

मुळापासून पाहू. आयपीव्ही४चे प्रमाण सप्टेंबर १९८१मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पत्त्यासाठी ३२ बिटांची जागा ठेवली होती, म्हणजे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते. त्या काळी अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्यावर काहीशे संगणक होते, त्यामुळे हा आकडा अफाटच होता. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने आपली आधीची पद्धत एका ठरलेल्या दिवशी बंद करून ही नवी पद्धत सुरू केली. जाळे लहान होते, सांभाळणारे एकमेकांना ओळखत होते, म्हणून असा एका दिवसाचा पालट जमला. पुढे पत्त्यांची खिरापत वाटावी तशी वाटणी झाली. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था, फोर्ड, जनरल इलेक्ट्रिक यांसारख्या एकेका संस्थेला सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते मिळाले. १९९०च्या सुमारास जाणकारांच्या लक्षात आले की या गतीने साठा संपणार. त्यांनी दोन उपाय हाती घेतले. एक लांबचा, नव्या पद्धतीचा आराखडा. दुसरा तात्पुरता, एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक यंत्रे लपवण्याचा, ज्याला नॅट म्हणतात. नॅटची कल्पना मे १९९४मध्ये प्रसिद्ध झाली, आयपीव्ही६चे पहिले प्रमाण डिसेंबर १९९५मध्ये. तात्पुरता उपाय इतका सोयीचा ठरला की मूळ उपायाची निकडच संपली.

आयपीव्ही६मध्ये पत्ता १२८ बिटांचा आहे. त्यातून होणारी संख्या ३४०च्या पुढे छत्तीस शून्ये इतकी मोठी. पण पत्त्यांची लांबी हा त्यातला एकच बदल होता. इंटरनेटवर माहिती ज्या छोट्या गठ्ठ्यांतून जाते, त्या प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर जी माहिती असते, तिची मांडणी सुटसुटीत केली गेली. वाटेतल्या प्रत्येक राउटरने त्या माहितीची बेरीज पुन्हा तपासण्याचे काम काढून टाकले. मोठ्या पॅकेटचे तुकडे करण्याचे कामही राउटरकडून काढून घेतले आणि पाठवणाऱ्याकडे दिले. या साधेपणाच्या बदल्यात माथ्याची लांबी २० बाइटवरून ४० बाइटवर गेली. आणि सर्वांत मोठी किंमत अशी की दोन्ही पद्धती एकमेकींशी बोलू शकत नाहीत. फक्त आयपीव्ही४ जाणणारे यंत्र आयपीव्ही६च्या यंत्रापर्यंत थेट पोहोचत नाही. यावर एक जुना आक्षेप आहे: रचनाकारांनी जुन्याशी जुळणारी पद्धत केली असती तर हे दुखणे उद्भवलेच नसते. आक्षेप ऐकायला बरोबर वाटतो, पण गणितात टिकत नाही. जुन्या यंत्रात पत्त्यासाठी ३२ बिटांचीच जागा आहे. त्याहून लांब पत्ता, मग तो कोणत्याही पद्धतीचा असो, त्या जागेत मावणार नाही. जुन्या यंत्राला उत्तर द्यायचे तर मधे कोणीतरी दुभाष्या लागणारच. दोष काढायचा तर तो या दुभाष्याची सोय उशिरा झाली, याचा काढता येईल.

सुरुवातीचा बेत वेगळा होता. प्रत्येकाने आपल्या यंत्रावर काही काळ दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालवायच्या, सगळे तयार झाले की जुनी बंद करायची. याला ड्युअल स्टॅक म्हणतात. डिसेंबर १९९८मध्ये आयपीव्ही६चे सुधारित प्रमाण आले, आणि त्यानंतर पाचच महिन्यांनी, १ मे १९९९ रोजी, परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. म्हणजे हा जिल्हा जन्मला तेव्हा नवी पद्धत कागदावर पूर्ण होती. तरी पुढची बारा-पंधरा वर्षे जगात जवळपास काहीच हलले नाही. कारण ड्युअल स्टॅकच्या बेतात एक भोक होते. दोन्ही पद्धती चालवायच्या म्हणजे जुन्या पत्त्यांची गरज एकानेही कमी होत नाही, उलट काम दुप्पट होते. फायरवॉलचे नियम दोनदा लिहायचे, बिघाड दोन ठिकाणी शोधायचा, माणसे दोन्हीत तयार करायची. आणि फायदा कधी? तर बाकीचे सगळे बदलतील तेव्हा. आधी येणाऱ्याला खर्च, शेवटी येणाऱ्याला तयार रस्ता, असा हा व्यवहार होता. अशा व्यवहारात शहाणा माणूस थांबतो, आणि सगळेच शहाणे असले की सगळेच थांबतात.

भारताची बाजू निराळी होती. सामान्य ग्राहकांसाठी व्हीएसएनएलची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोजक्या महानगरांत सुरू झाली, तोवर पत्त्यांच्या मोठ्या वाटण्या होऊन गेल्या होत्या. अमेरिकेच्या नावावर दीड अब्जाहून जास्त आयपीव्ही४ पत्ते आहेत. १४० कोटींच्या भारताकडे सुमारे चार कोटी. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले. १५ एप्रिल २०११ रोजी आशिया–पॅसिफिक विभागाची नोंदणी संस्था, एपीएनआयसी, आपल्या शेवटच्या गठ्ठ्यापाशी आली आणि तेव्हापासून कोणीही नवा अर्ज केला तरी त्याला १,०२४च पत्ते मिळू लागले. २०१९पासून तर ही मर्यादा ५१२वर आली. तालुक्याच्या गावी नव्याने इंटरनेट सेवा सुरू करणाऱ्याच्या वाट्याला एवढीच शिदोरी. दूरसंचार विभागाने हे संकट वेळेवर ओळखले होते. जुलै २०१०मध्ये पहिला राष्ट्रीय आराखडा आला. त्यात मार्च २०१२पर्यंत सरकारी संस्थांनी नव्या पद्धतीकडे वळावे असे म्हटले होते. मार्च २०१३च्या दुसऱ्या आराखड्यात ही मुदत डिसेंबर २०१७ झाली. नोव्हेंबर २०२१मध्ये ती पुन्हा ३० जून २०२२पर्यंत वाढवली गेली. मुदत चुकल्याने कोणाचे काही बिघडत नव्हते, म्हणून ती चुकत राहिली.

मग देशाचे चित्र पालटले ते एका नव्या मोबाइल जाळ्यामुळे. रिलायन्स जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू झाली आणि सहा महिन्यांच्या आत तिचे दहा कोटी ग्राहक झाले. नवी मुंबईहून चालणाऱ्या या जाळ्यापाशी टूजी-थ्रीजीचे जुने लटांबर नव्हते. सगळे काही फोरजीवर, बोलणेसुद्धा इंटरनेटच्या पॅकेटमधून. कोट्यवधी ग्राहकांना पुरतील एवढे आयपीव्ही४ पत्ते बाजारात घ्यायचे म्हटले तरी मिळण्यासारखे नव्हते. एकेका फोनला डेटासाठी एक आणि बोलण्यासाठी एक, असे एकापेक्षा जास्त पत्ते लागत होते. म्हणून फोनला आयपीव्ही६चा पत्ता द्यायचा आणि जुन्या जगाशी बोलण्यासाठी मधे दुभाष्या बसवायचा, हा मार्ग निवडला गेला. अमेरिकेत टी-मोबाइलने हा मार्ग त्याआधी चोखाळला होता आणि अँड्रॉइड फोनांत त्याची सोय २०१३पासून होती. ॲपलने १ जून २०१६पासून असा नियम केला की ज्या ॲपला फक्त आयपीव्ही६ असलेल्या जाळ्यावर चालता येत नाही, ते आपल्या दुकानात घेतले जाणार नाही. या एका तारखेने जगभरच्या ॲप लिहिणाऱ्यांना जे करायला लावले, ते दहा वर्षांच्या परिषदांनी झाले नव्हते. एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया पाठोपाठ आले. आज एपीएनआयसीच्या मोजणीत भारतातल्या दर चार वापरकर्त्यांपैकी जवळपास तिघांकडे आयपीव्ही६ आहे, तर गुगलच्या मोजणीत जगाचा आकडा निम्म्याच्या आसपास घुटमळतो. ज्यांच्याकडे जुने फारसे नव्हते, तेच पुढे निघून गेले.

हे प्रत्यक्षात कसे चालते, ते एका फोनवर पाहू. वसमतचा हळद उत्पादक फोनवर बाजारभाव पाहतो आहे. त्याचा फोन जिओच्या मनोऱ्याला जोडला गेला की त्याला जो पत्ता मिळतो, त्याची सुरुवात २४०९:४० अशी असते. हा पत्ता सार्वजनिक आहे आणि त्या क्षणी जगात फक्त त्याच फोनचा आहे. त्याने व्हिडिओ उघडला तर पॅकेट या पत्त्यावरून थेट यूट्यूबच्या आयपीव्ही६ पत्त्याकडे जाते, कोणाच्या मध्यस्थीशिवाय. भाव दाखवणारी वेबसाइट मात्र जुन्या सर्व्हरवर असेल, तर तिचा ३२ बिटांचा पत्ता नव्या पद्धतीच्या एका लांब पत्त्याच्या शेपटीला चिकटवला जातो. अशा पत्त्यासाठी जगभर राखून ठेवलेली सुरुवात ६४:एफएफ९बी अशी आहे. काही कंपन्या त्यासाठी आपल्याच पत्त्यांतला एखादा तुकडा वापरतात. कंपनीच्या केंद्रातले यंत्र ही सुरुवात ओळखते, पॅकेटचा नवा वेश उतरवून जुना चढवते आणि एका सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यावरून पुढे पाठवते. फोनमधले एखादे जुने ॲप आयपीव्ही४शिवाय ऐकतच नसेल, तर फोनच्या आत एक छोटा अनुवादक त्याचे पॅकेट आधी नव्या रूपात बदलतो आणि केंद्रातला दुसरा पुन्हा जुन्यात. या दुहेरी अनुवादाच्या पद्धतीला ४६४एक्सलॅट म्हणतात, आणि तिचे वर्णन एप्रिल २०१३मध्ये प्रसिद्ध झाले. फोन वापरणाऱ्याला यातले काहीच कळत नाही, आणि तेच तिचे यश आहे.

पण यश फुकट आलेले नाही. माथ्यावरचे २० बाइट वाढले हे मोठ्या पॅकेटमध्ये जाणवत नाही. १,५०० बाइटांत त्याचा हिस्सा सव्वा-दीड टक्का. फोनवरच्या बोलण्याचे मात्र पॅकेट चिमुकले असते. त्यात आवाजाचा भाग साधारण ३० ते ३५ बाइटांचा, आणि माथा आयपीव्ही४मध्ये एकूण ४०, तर आयपीव्ही६मध्ये ६० बाइटांचा. म्हणजे मालापेक्षा बारदान जड. हा भार हवेतून न्यायचा, जिथे प्रत्येक बिटाला मोल आहे, म्हणून माथा दाबून काही बाइटांवर आणणारी यंत्रणा मनोऱ्यात आणि फोनमध्ये चालवावी लागते. दुसरी किंमत तुकडे करण्याच्या नियमाची. राउटरने तुकडे करायचे नाहीत, असे ठरले म्हणजे ‘तुझे पॅकेट मोठे आहे, लहान करून पाठव’ हा निरोप मागे पोहोचला पाहिजे. वाटेत एखाद्या कार्यालयाच्या फायरवॉलने सावधगिरी म्हणून असे निरोप अडवले की विचित्र बिघाड दिसतो. वेबसाइटचे पहिले लहान पॅकेट येते, पान अर्धवट उघडते आणि मग चाक फिरत राहते. तिसरी किंमत राउटरच्या आतली. लांब पत्ते शोधायला जलद स्मृतीत जास्त जागा लागते, आणि ती स्मृती महाग असते. हे तोटे खरे आहेत. ते लपवून नव्या पद्धतीची बाजू मांडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण यातल्या प्रत्येक तोट्यावर माहीत असलेला, अभियंत्याच्या आवाक्यातला इलाज आहे. जुन्या पद्धतीवर राहण्याच्या तोट्यांचे तसे नाही.

तो तोटा वायरच्या इंटरनेटमध्ये दिसतो. समजा एखाद्या गावच्या सेवादाराला नियमाप्रमाणे ५१२ आयपीव्ही४ पत्ते मिळाले आणि त्याने नवी पद्धत आणली नाही. एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट, म्हणजे जोडण्या वेगळ्या ओळखण्याचे क्रमांक, असतात. दर ग्राहकाला हजारेक पोर्ट दिले तर एका पत्त्यामागे साठ-पासष्ट घरे बसतात. सगळे मिळून तीस-बत्तीस हजार घरे होतील, म्हणजे प्रश्न सुटला असे वाटते. मात्र मग ती साठ घरे बाहेरच्या जगाला एकच घर दिसतात. त्यातल्या एकाच्या संगणकात विषाणू शिरून तो टपाली कचरा पाठवू लागला की त्या पत्त्यावर बंदी येते आणि उरलेल्या एकोणसाठ घरांना बँकेची वेबसाइट ‘तुम्ही माणूस आहात का’ असे विचारत बसते. घरातला कॅमेरा बाहेरून पाहायचा तर कोणा तिसऱ्याच्या सर्व्हरमार्फत पाहावा लागतो, कारण आत येणाऱ्या जोडणीला दारच नाही. आणि फसवणुकीचा तपास करताना पोलिसांना नुसता आयपी पत्ता पुरत नाही. सेकंदापर्यंतची वेळ आणि पोर्ट क्रमांक हवा असतो, जो बऱ्याच वेबसाइटी नोंदवतच नाहीत. सेवादाराला मात्र कोणत्या क्षणी कोणते पोर्ट कोणाकडे होते, याच्या प्रचंड नोंदी ठेवाव्या लागतात. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१मध्ये नोंदी जपण्याची किमान मुदत एक वर्षावरून दोन वर्षांवर नेली. जुन्या पद्धतीवर राहणे स्वस्त वाटते ते हा साठवणुकीचा, यंत्रांचा आणि तक्रारींचा खर्च वेगळ्या वहीत लिहिला जातो म्हणून.

यावर सुरक्षेचा आक्षेप नेहमी येतो, आणि तो घेणारे सहसा अनुभवी जाळे-व्यवस्थापक असतात, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की नॅटमागचे यंत्र बाहेरून दिसत नाही, म्हणून सुरक्षित राहते. आयपीव्ही६ने प्रत्येक यंत्राला जगासमोर उभे केले तर चोरांना रान मोकळे होईल. यात तथ्य एवढेच की नॅट चालवणाऱ्या राउटरला कोणती जोडणी आतून सुरू झाली, हे लक्षात ठेवावे लागते, आणि बिनबोलावता आलेले पॅकेट तो टाकून देतो. पण संरक्षण देते ते हे लक्षात ठेवणे, पत्ता बदलणे नव्हे. तोच नियम आयपीव्ही६च्या राउटरमध्ये पत्ता न बदलता लावता येतो. शिवाय घरच्या एका जाळ्याला नव्या पद्धतीत ६४ बिटांची जागा मिळते. आयपीव्ही४चे सगळे जग चाळायला आज तासभरही लागत नाही, तर एवढी जागा एकेक पत्ता ठोठावत शोधून काढणे अशक्यप्राय आहे. यंत्राच्या कायम क्रमांकावरून माणसाचा माग काढता येईल, ही भीती सुरुवातीला रास्त होती. तिच्यावर २००१मध्येच उपाय सुचवला गेला, आणि आजचे फोन स्वतःच्या पत्त्याचा मागचा भाग अधूनमधून बदलतात. खरा धोका निराळा आहे. ज्या कार्यालयात ‘आम्ही आयपीव्ही६ वापरत नाही’ असे म्हटले जाते, तिथल्या संगणकांत ते आधीच चालू असते, कारण विंडोजमध्ये ते मुळातच चालू येते. फायरवॉल मात्र फक्त जुन्या रस्त्यावर उभी असते. अज्ञान हे संरक्षण नसते.

दुसरा आक्षेप पैशाचा. पत्ते कमी पडले तर विकत घ्यावेत, बाजार आहेच. बाजार आहे हे खरे. २०११मध्ये मायक्रोसॉफ्टने दिवाळखोर झालेल्या नॉर्टेल कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरला घेतले, म्हणजे पत्त्यामागे सव्वाअकरा डॉलर. दहा वर्षांत हा भाव काही पटींनी चढला. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेने १ फेब्रुवारी २०२४पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यावर तासाला अर्धा सेंट आकारायला सुरुवात केली. महिन्याला हे साडेतीन डॉलरच्या वर जाते. मोठ्या कंपनीला हा चिल्लर खर्च. पण तालुक्यातली सेवा चालवणारा पाचशे पत्ते घ्यायला निघाला तर त्याला दहा-वीस लाखांची तजवीज करावी लागते, आणि त्या बदल्यात त्याच्या ग्राहकाला काडीचीही नवी सोय मिळत नाही. हा पैसा जातो कुठे? ज्यांना १९८० आणि ९०च्या दशकांत पत्ते फुकट मिळाले, त्यांच्याकडे. लवकर आलेल्यांना उशिरा आलेल्यांनी वर्षानुवर्षे भाडे भरावे, याला तांत्रिक निवड म्हणणे मला पटत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो लहान सेवादारांचा आहे. ग्राहकांच्या घरी बसलेले जुने राउटर कोणी बदलायचे? दोन्ही पद्धती सांभाळणारी माणसे कुठून आणायची? ड्युअल स्टॅकने काम दुप्पट होते, हे वर म्हटलेच आहे. त्यात एक छुपा त्रास आणखी असतो. ब्राउझर नवा रस्ता आधी आजमावतो आणि पाव सेकंदात उत्तर आले नाही तर जुना धरतो. त्यामुळे आयपीव्ही६चा बिघाड महिनोन्‌महिने कोणाच्या ध्यानातच येत नाही. नुसते सगळे थोडे संथ वाटते. ही तक्रार खरी आहे, पण तिचा निष्कर्ष ‘म्हणून बदलू नका’ असा निघत नाही. तो ‘दोन्ही सर्वत्र चालवू नका’ असा निघतो. मोबाइल कंपन्यांनी तेच केले. आत फक्त नवी पद्धत, आणि जुन्याशी गाठ घालायची ती कडेला एकाच जागी. असे केले की आतली कामे एकपट राहतात, आणि जुन्या जगाकडे जाणारी वर्दळ जसजशी घटते तसतसा कडेचा दुभाष्या लहान होत जातो. नॅटवर टाकलेला पैसा ग्राहक वाढतील तसा वाढतो, या दुभाष्यावरचा वर्षागणिक कमी होतो. राउटर बदलण्याचा खर्च मात्र लहान सेवादाराच्या एकट्याच्या डोक्यावर नसावा. ३१ डिसेंबर २०२२नंतरची प्रत्येक नवी घरगुती वायर-जोडणी आयपीव्ही६ वाहू शकेल अशी असावी, असे दूरसंचार विभागाने ठरवले आहेच. अशी जोडणी घेणाऱ्याच्या घरी नवी पद्धत न जाणणारा राउटर विकला जाऊ न देणे ही बाजारातल्या तपासणीची बाब आहे, आणि ती सरकारच्या हातात आहे.

यातून सार्वजनिक यंत्रणांची जबाबदारी ठरते. सातबारा, पीकविमा, दाखले, शिष्यवृत्ती, निकाल यांसाठी लोक फोनवरून ज्या वेबसाइटी उघडतात, त्यांतली जी जुन्या पत्त्यावरच राहिली आहे तिच्याकडे जाणारे प्रत्येक पॅकेट दुभाष्याच्या रांगेतून जाते. निकालाच्या दिवशी गर्दी उसळते तेव्हा ही रांगही लांबते, आणि हजारो विद्यार्थी एकाच पत्त्यावरून आल्यासारखे दिसल्याने सर्व्हर त्यांना हल्लेखोर समजून अडवू शकतो. वेबसाइटच्या बाजूने हे काम तुलनेने हलके आहे. आतले सगळे संगणक बदलावे लागत नाहीत, बाहेरच्या दर्शनी सर्व्हरला नवा पत्ता दिला तरी पुरते. तरीही ते राहून जाते, कारण राहून गेल्याचा त्रास कार्यालयाला होत नाही, बाहेरच्या माणसाला होतो. मुदत पाळली नाही तर नव्या खरेदीला मंजुरी नाही, देखभालीचे बिल निघणार नाही, एवढी साधी अट निविदेत असली तरी चित्र बदलेल. ॲपलच्या एका तारखेने हेच सिद्ध केले की परिणाम जोडलेला असेल तर मुदत पाळली जाते.

आणि हिंगोलीला या बाबतीत एक दुर्मीळ संधी आहे. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून अखंड येणारी मोजमापे अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांच्या आणि युरोपातल्या व्हर्गोच्या मोजमापांशी जुळवून पाहायची आहेत. विज्ञानातली अशी मोठी जाळी कुठे निघाली आहेत, याचा दाखला सर्नमध्ये मिळतो. तिथल्या कणभंजकाची माहिती जगभर साठवणाऱ्या संगणकजाळ्याने आपल्या केंद्रांना साठवणुकीची यंत्रे २०१८च्या अखेरपर्यंत आयपीव्ही६वर आणायला सांगितले, आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्या जाळ्याची एक भागीदार आहे. औंढ्याला जुने काही बदलायचेच नाही. तिथली पहिली केबल पडेल तेव्हाच आत फक्त नवी पद्धत ठेवता येईल. हाच नियम जिल्ह्यात नव्याने होणाऱ्या प्रत्येक गोष्टीला लागू करता येतो, मग ती भारतनेटच्या तंतूवरची ग्रामपंचायत असो, हळदीच्या गोदामातली तापमान मोजणारी उपकरणे असोत की नवे रुग्णालय असो. नवे बांधताना दोन मापे बांधू नयेत, आणि जुने मोडताना त्याचा खर्च ज्याने बदल टाळला त्याच्यावर पडावा, ज्याच्याकडे निवड नव्हती त्याच्यावर नव्हे. पत्ते कमी होते म्हणून हा देश पुढे गेला. उरलेला पल्ला टंचाईच्या धक्क्याने गाठला जाणार नाही. तो ठरवून गाठावा लागेल, आणि ठरवण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांना आता तांत्रिक अडचणीचे कारण पुढे करता येणार नाही.